गाडीतला फोन: रिसीव्हर पुढे, यंत्र डिकीत

परवा न्यू जर्सीत जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ऐंशीच्या दशकातली एक कॅडिलॅक दिसली. पुढच्या दोन सीटच्या मधे रिसीव्हर, त्याला वेटोळ्यांची वायर. पोरं विचारत होती, "हा चालायचा कसा?"

रिसीव्हरमध्ये फारसं काही नसतं. स्पीकर, माइक, आकड्यांची बटणं, छोटा डिस्प्ले, बस्स.

खरा फोन म्हणजे डिकीत बसवलेला धातूचा डबा. त्यात रेडिओ यंत्र असतं. गालिच्याखालून गेलेली केबल दोघांना जोडते. वीज गाडीच्याच बॅटरीतून. मागच्या काचेवर अँटेना.

असे फोन जिच्यावर चालायचे ती ॲनालॉग सेल्युलर सेवा अमेरिकेत १३ ऑक्टोबर १९८३ रोजी शिकागोत सुरू झाली. गाडीतल्या सेटची ताकद ३ वॉटपर्यंत, हातातल्या फोनची जेमतेम ०.६ वॉट. शिवाय अँटेना पत्र्याबाहेर. त्यामुळे टॉवर लांब असला तरी रेंज मिळायची.

आज असा सेट बॅटरीला जोडला तर बटणांचे दिवे लागतीलही, पण कॉल लागणार नाही. १८ फेब्रुवारी २००८ पासून तिथल्या कंपन्यांना ॲनालॉग सेवा बंद करायची मुभा मिळाली आणि ते टॉवर गप्प झाले.

वायरिंगबद्दल काही विचारायचं असेल तर कमेंटमध्ये बिनधास्त विचारा.