ताटाशेजारी बसणं

१९४५ साल. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियमखालच्या खोल्यांत ३६ तरुण राहत होते. सगळे धडधाकट. युद्धात शस्त्र हाती घ्यायला त्यांनी तत्त्व म्हणून नकार दिला होता. पण युद्धानं उपाशी पाडलेल्या माणसांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे शोधण्यासाठी स्वतःचं शरीर द्यायला ते आनंदानं पुढे आले होते. अ‍ॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं सहा महिने त्यांचं जेवण साधारण निम्म्यावर आणलं. पूर्ण उपाशी कुणालाच ठेवलं नव्हतं. दिवसातून दोनदा बटाटे, कंदमुळं, पाव असं काहीबाही ताटात पडत होतंच. सहा महिन्यांत त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शानं उतरलं.

ते रोडावले यात नवल नाही. नवल घडलं ते त्यांच्या मनात. ही तरणीताठी माणसं पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसू लागली. ताटातलं अन्न घोळवायचं, त्याचे बारीक तुकडे करायचे, पाणी घालून वाढवायचं, एकेक जेवण तास दोन तास पुरवायचं, शेवटी ताट चाटायचं. कॉफीच्या कपांवर कप, दिवसभर च्युइंगम. भर उन्हाळ्यात थंडी वाजायची. थट्टामस्करी थांबली, मित्र नकोसे झाले, पुस्तकात लक्ष लागेना, चिडचिड आणि उदासी वाढली. काहींना तर आपण वाळलो आहोत असं वाटायचंच नाही, उलट बाकीचे सगळे फार जाड दिसू लागले.

या ३६ जणांतल्या एकालाही बारीक व्हायचं नव्हतं.

आता एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीकडे पाहा. घरात केक तीच करते, सगळ्यांना आग्रहानं वाढते, स्वतः मात्र चव घेत नाही. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर पाककृतींचे व्हिडिओ पाहते. पोळीचे नखाएवढे तुकडे करते आणि तासभर भाजी चिवडते. एप्रिलमध्ये तिच्या अंगात स्वेटर असतो. मैत्रिणी फोन करायच्या थांबल्यात. जेवायला बोलावलं की ‘डब्यातलं आत्ताच खाल्लं’ म्हणते. घरचे म्हणतात, हट्टी झाली आहे, डाएटचं खूळ डोक्यात बसलंय. डॉक्टर त्याला ‘अ‍ॅनोरेक्झिया नर्व्होसा’ म्हणतात. मिनेसोटाची नोंदवही वाचली की अंगावर काटा येतो, कारण हट्ट म्हणून आपण ज्याच्यावर चिडतो, त्यातलं कितीतरी काम एकट्या भुकेचं असतं. डाएट कुठल्याही कारणानं सुरू झालेलं असो, एका टप्प्यानंतर उपाशी मेंदूच कारभार हाती घेतो.

उंदरांवरचा एक प्रयोग तर याहून चकित करणारा आहे. उंदराला दिवसातून तासभरच खायला दिलं, तर तो थोड्या दिवसांत त्या वेळेची सवय करून घेतो आणि तगतो. पण त्याच पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, की तो अधिकाधिक पळतो आणि समोर अन्न असतानाही कमी कमी खातो. वेळीच थांबवलं नाही तर पळत पळत मरतो. उंदराला आरसा नसतो, इन्स्टाग्राम नसतं, लग्नाच्या बाजाराची धास्ती नसते. उपासमार आणि धावपळ एकत्र आली की सस्तन प्राण्याच्या मेंदूत काहीतरी उलटं फिरतं, एवढं यातून दिसतं. जेवण टाळणारी, दिवसभर उभीच राहणारी, जिना दहा वेळा चढणारी मुलं पाहिली की मला हे चाक आठवतं.

सगळ्यांना डाएटनंतर असं होत नाही. मग काहींनाच का? २०१९ मध्ये जवळजवळ १७ हजार रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मानसिक आजारांशी जोडलेल्या जनुकांबरोबरच चयापचयाशी जोडलेली जनुकंही त्यात सापडली. म्हणजे काही मुलांची घडणच अशी, की वजन एकदा घसरू लागलं की शरीर त्याला पुरेसा अटकाव करत नाही. आईनं लाड केले म्हणून, बाबा कडक आहेत म्हणून हा आजार होतो, असं कुणी म्हणालं तर त्यांना हे जरूर सांगावं.

आजार ओळखायला वजनकाट्यावर विसंबू नये. वाढत्या वयातल्या मुलाचं वजन नुसतं जागच्या जागी थांबलं तरी तो इशारा असतो. आधी वजन जास्त असलेलं मूल झपाट्यानं बारीक होतं, तेव्हा आपण कौतुक करतो आणि त्याच वेळी त्याची नाडी मंदावलेली असू शकते. पाळी थांबते किंवा अनियमित होते. चक्कर येते, केस गळतात, गालांवर आणि पाठीवर तान्ह्या बाळासारखी बारीक लव उगवते. हाडं भक्कम होण्याचं हेच वय असतं आणि नेमकं तेव्हाच त्यांचं पोषण तुटतं. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी करून काढून टाकण्याच्या आजारात, वजन नेहमीसारखंच राहू शकतं. तिथे खुणा वेगळ्या असतात: जेवण झाल्या झाल्या बाथरूममध्ये जाणं, नळ सोडून ठेवणं, फुगलेले गाल, झिजलेले दात, बोटांच्या सांध्यांवर घट्टे. या घट्ट्यांना लंडनचे डॉक्टर जेराल्ड रसेल यांचं नाव मिळालं आहे, कारण १९७९ मध्ये या आजाराचं वर्णन त्यांनीच पहिल्यांदा केलं. आणि हे फक्त मुलींचं दुखणं नव्हे. जिम, प्रोटीन पावडर आणि ‘कटिंग’ यांच्या आडून मुलगेही इथे येऊन पोचतात.

आपल्याकडे ओळखायला उशीर होण्याचं एक खास कारण आहे. आशियातल्या अनेक रुग्णांच्या तोंडी ‘मी जाड आहे’ हे वाक्य नसतंच. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हे ठळकपणे मांडलं. मुलं म्हणतात पोट फुगतं, भूकच नाही, अ‍ॅसिडिटी होते. मग वर्षभर पोटाच्या तपासण्या चालतात. मुलं खोटं बोलतात असंही नाही. उपासमारीत जठर खरंच सुस्तावतं, चार घासांनी पोट दगडासारखं होतं. उपाय खाणं हाच असतो, पण खाल्लं की दुखतं! शिवाय आपल्या घरांत उपासाला मान आहे. अचानक सोमवार, गुरुवार आणि चतुर्थी एकत्र धरू लागलेल्या मुलीचं सगळं घर कौतुक करतं. श्रद्धेवर शंका घेऊ नये, पण पारण्याच्या दिवशी ती आवडीनं जेवते का, एवढं जरूर पाहावं.

आता मला ज्याचं सर्वांत अप्रूप वाटतं त्याकडे येते. १८७३ च्या सुमारास लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये लासेग या दोन डॉक्टरांनी अ‍ॅनोरेक्झियाचा आजार जवळजवळ एकाच वेळी नोंदवला. गल यांचं मत होतं, की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातेवाईक सर्वांत नालायक. पुढची शंभर वर्षं मुलींना घरापासून तोडून इस्पितळात ठेवलं गेलं. तिथे वजन वाढायचं, घरी परतलं की पुन्हा उतरायचं. मग लंडनच्याच मॉड्सली इस्पितळात रसेल, क्रिस्टोफर डेअर आणि आयव्हन आइस्लर यांच्या गटाला वाटलं, की परिचारिका जे करतात ते आईवडिलांना का करता येऊ नये? इस्पितळातली परिचारिका काय करते? ताटाशेजारी बसते. न रागावता, न कंटाळता, ताट संपेपर्यंत उठत नाही. १९८७ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. लहान वयात जडलेल्या, अजून तीन वर्षं न झालेल्या आजारात, एकट्या रुग्णाशी बोलण्यापेक्षा कुटुंबाला बरोबर घेणं जास्त गुणकारी ठरलं. पुढे २०१० मध्ये अमेरिकेत १२१ किशोरवयीन रुग्णांवर अशीच तुलना झाली. उपचार संपून वर्ष झाल्यावर, कुटुंबाला हाताशी धरलेल्या गटात जवळजवळ निम्मे पूर्ण बरे होते, दुसऱ्या गटात पाव हिश्शाहून थोडे कमी.

या उपचाराची दुसरी बैठक विलक्षण असते. सगळं कुटुंब डबा घेऊन येतं आणि डॉक्टरांसमोर जेवतं. ‘तुमच्या मुलीला तिच्या मनाहून एक घास जास्त भरवा,’ एवढंच आईबाबांना सांगितलेलं असतं. चिऊकाऊचे घास भरवलेल्या त्याच हातांना पंधरा वर्षांनी पुन्हा कामाला लावायचं.

घरी हे कसं दिसतं? तीन जेवणं, दोन-तीन वेळा मधलं खाणं, आणि काय वाढायचं ते आईबाबा ठरवणार. वरणभातावर तूप, दूध, शेंगदाण्याची चटणी, लाडू. आजाराला नेमकं जे नको असतं तेच.

“आई, नको ना. पोट फुटेल माझं.”

“कळतंय गं बाळा, फार अवघड जातंय तुला. पण एवढी पोळी संपवायची आहे. मी इथंच बसलेय.”

यात भाषण नाही, कॅलरींचा वाद नाही, ‘आफ्रिकेतली मुलं बघ’ नाही. घासाघीस आजाराला फार आवडते. ताट भिरकावलं जातं, ‘तू माझी आई नाहीसच’ असंही ऐकावं लागतं. तेव्हा हे कोण बोलतंय ते लक्षात ठेवायचं: लेक नव्हे, आजार. पोळीचा तुकडा रुमालात जाणार नाही याकडे लक्ष ठेवायचं, पण ‘तू फसवलंस’ म्हणायचं नाही. जेवणानंतर तासभर सोबत बसायचं, पत्ते खेळायचे, सिरियल बघायची. आईबाबांनी आपसात कितीही मतभेद असले तरी ताटापुढे एकच बोलायचं, कारण जरा फट दिसली की आजार तिथूनच घुसतो. भावंडांना पहारेकरी करू नये, त्यांनी फक्त तिच्याशी खेळावं, गप्पा माराव्यात. आणि आजीला आधीच समजावून ठेवावं. ‘आता कशी छान भरलीस’ हे आजीचं लाडाचं वाक्य असतं, पण त्या मुलीच्या कानांत ते ‘जाड झालीस’ असं पोचतं आणि आठवड्याची मेहनत वाहून जाते.

हे डॉक्टरांशिवाय सुरू करायचं नसतं. नाडी पन्नासच्या खाली असेल, मूल बेशुद्ध पडत असेल, उलट्यांमुळे पोटॅशियम उतरलं असेल, तर आधी इस्पितळ. फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर खायला घातलं तर रक्तातलं फॉस्फेट भराभर पेशींत ओढलं जातं आणि हृदय धोक्यात येतं. दुसऱ्या महायुद्धात छावण्यांतून सुटलेल्या कैद्यांचे असे मृत्यू झाले आहेत. म्हणून बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ आणि आहारतज्ज्ञ हे तिघं सोबत हवेत. जवळ कुणी नसेल तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक पहिला धागा मिळवून देऊ शकतो. ज्या घरात मुलाला मारहाण किंवा अत्याचार सोसावा लागतो, तिथे ही रीत वापरायची नाही. बुलिमियात बोलण्याचे उपचार आणि कधी औषधही मदत करतं. अ‍ॅनोरेक्झियात मात्र अन्नाची जागा घेईल असं औषध अजून कुणाला सापडलेलं नाही.

शरीर आधी भरतं, मन मागून येतं, कधी कितीतरी महिन्यांनी. मिनेसोटातल्या माणसांनाही पोटभर मिळू लागल्यावर कित्येक आठवडे समाधान वाटत नव्हतं. हा मधला काळ आईबाबांना सर्वांत जड जातो, कारण वजन वाढलेलं असतं आणि मुलगी अजूनही रडत असते. पण उपासमारीनं आकसलेला मेंदू पुन्हा भरू लागलेला असतो. मग डाव तिच्या हाती हळूहळू परत द्यायचा. आधी संध्याकाळचं खाणं तिनं स्वतः वाढून घ्यायचं, मग शाळेचा डबा, मग मैत्रिणींबरोबर पाणीपुरी.

आणि एखाद्या रात्री घरात पुन्हा मोठा आवाज होतो. दार आपटतं. आई दचकून स्वयंपाकघरातून बाहेर येते. ताट रिकामं असतं आणि लेक बाबांशी कडाकडा भांडत असते: सहलीला तिच्या सगळ्या मैत्रिणी चालल्यात, मग तिलाच का नाही सोडत?