तेरवीनंतर मुलांचे काय?

घरात मृत्यू झाला की तेरवीपर्यंत माणसांची वर्दळ असते. आईला धीर द्यायला बाया असतात, कर्जाचे आणि सातबाऱ्याचे बोलायला पुरुष असतात. मुलांना बहुतेक वेळा शेजारी खेळायला पाठवले जाते. मोर्शी-वरुडच्या संत्रापट्ट्यात आणि एकूणच वऱ्हाडात आत्महत्या, अपघात किंवा आजारामुळे वडील गमावलेली मुले अनेक गावांत आहेत. अशा मुलांसाठी गावातल्या स्वयंसेवकांनी दोन दिवसांचे शिबिर घेतले, तर त्यांना खरा आधार मिळू शकतो.

मुलांचे दुःख मोठ्यांसारखे दिसत नाही. मूल पाच मिनिटे रडते आणि लगेच खेळायला पळते. म्हणून ‘त्याला काही कळत नाही’ असा समज होतो. पाच वर्षांखालील मुलाला गेलेला माणूस परत येणार असे वाटते. सहा ते नऊ या वयात ‘मी हट्ट केला म्हणून बाबा गेले’ अशी अपराधी भावना मनात घर करते. नऊ-दहा वर्षांनंतर मृत्यू कायमचा असतो हे बहुतेक मुलांना उमगते. पोट दुखणे, अंथरूण ओले करणे, आईला चिकटून राहणे, चिडचिड, अभ्यासात मागे पडणे ही त्याच दुःखाची रूपे आहेत.

‘बाबा गावाला गेले’ असे सांगू नये. मूल वाट पाहत राहते आणि खरे दुसऱ्याच कोणाकडून कळते. वडिलांनी आत्महत्या केली असल्यास तपशील टाळून, वयाला पेलेल अशा शब्दांत सांगावे: ‘बाबांचे मन खूप आजारी होते. त्यात तुझी काही चूक नाही.’

अमेरिकेत लहानपणीच आई-वडील गमावलेल्या लिन ह्यूज यांनी १९९९ मध्ये अशा मुलांसाठी ‘कम्फर्ट झोन कॅम्प’ सुरू केला. तिथे प्रत्येक मुलासोबत एक प्रौढ स्वयंसेवक असतो. आपल्याकडे १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने अनेक मुलांना शिक्षणासाठी पुण्यात आणले. शिबिराचा हेतू यापेक्षा लहान आहे. वर्गात आपण एकटेच बिनबापाचे, असे वाटणाऱ्या मुलाला इथे आपल्यासारखी इतर मुले भेटतात.

अशा शिबिराला फार खर्च लागत नाही. सुट्टीतली शिबिरे वऱ्हाडाला नवी नाहीत. शाळेची इमारत पुरते. मे महिन्यातले ऊन पाहता दिवाळीची सुट्टी बरी. खेळ, चित्रे, गेलेल्या माणसाच्या आठवणींची पेटी, संध्याकाळी एक दिवा लावून ज्याला वाटेल त्याने बोलणे, एवढा कार्यक्रम पुरतो. बोलण्याची सक्ती मात्र नको. मृत्यूला काही महिने झाल्यावर आणि आईची संमती घेऊनच मुलाला आणावे.

मदत करणाऱ्यांनी काही पथ्ये पाळावीत. स्वयंसेवकांची माहिती आधी तपासावी आणि कोणीही एका मुलासोबत बंद खोलीत एकटे राहू नये. व्यासपीठावर बोलावून वह्या वाटणे, ‘अनाथ’ म्हणून ओळख करून देणे, वर्तमानपत्रासाठी फोटो काढणे टाळावे. समुपदेशकाकडून स्वयंसेवकांना आधी एक दिवसाचे प्रशिक्षण मिळावे आणि शिबिराच्या काळात डॉक्टर फोनवर उपलब्ध असावा. शिबिरानंतर महिन्यातून एकदा कोणीतरी मुलाच्या घरी जावे. दोन दिवस माया लावून पुन्हा न फिरकणे हा त्या मुलासाठी आणखी एक वियोग ठरतो. घरी जाणाऱ्याने बालसंगोपन योजनेचा अर्ज भरायला आईला मदत केली, तर शाळेच्या खर्चाला हातभार लागतो.

शिबिर म्हणजे उपचार नव्हे. मूल ‘मलाही बाबांकडे जायचे’ असे वारंवार म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल, खाणे-झोप बिघडून आठवडे लोटले असतील, तर थांबू नये. दुःखाची तीव्रता सहा महिन्यांनंतरही तशीच राहून रोजचे जगणे अडत असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तो दीर्घकाळ रेंगाळलेल्या शोकाचा विकार मानला जातो आणि त्यावर उपचार आहेत. आधी मोर्शीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखवावे. तिथून अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयातील मानसोपचार विभागात जाता येते. ‘टेलिमानस’च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

शिबिर घेणे जमले नाही, तरी शेजाऱ्याला आणि शिक्षकाला एक गोष्ट करता येते. त्या मुलासमोर त्याच्या बाबांचे नाव घ्यावे आणि त्यांची एखादी चांगली आठवण सांगावी. नाव घेतल्याने जखम उघडी पडेल, या भीतीने सगळेच गप्प बसतात आणि मूलही गप्प राहायला शिकते.