एका मोकळ्या जागेची किंमत

हजेरी घेताना गुरुजींनी ‘मोहन गणेश जोशी’ असे नाव पुकारले आणि मोहन, गणेश व जोशी असे तीन विद्यार्थी उठून उभे राहिले, तर? तुम्ही हसाल. तीन शब्द मिळून एकाच मुलाचे नाव होते, हे आपल्याला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ते सांगावे लागते.

संगणकाला आज्ञेची ओळ टाइप करून काम सांगतात, तेव्हा ती ओळ प्रथम ‘शेल’ हा प्रोग्रॅम वाचतो. शेल म्हणजे कवच. १९७१ साली बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन यांनी लिहिलेल्या युनिक्सच्या पहिल्या शेलपासून एक नियम चालत आला आहे: मोकळी जागा आली की तेथे ओळ तोडायची.

समजा, वर्षभर मोजलेल्या पावसाची नोंद तुम्ही ‘पाऊस’ या फाइलीत ठेवली आहे. ‘पाऊस जुना’ ही कच्ची प्रत आता पुसायची आहे. पुसण्याची आज्ञा आर व एम या दोन रोमन अक्षरांची. तुम्ही लिहिता:

आरएम पाऊस जुना

शेल दोन नावे पुढे पाठवतो. ‘जुना’ नावाची फाइल नाही, अशी तक्रार पडद्यावर येते. ‘पाऊस’ मात्र सापडते आणि पुसली जाते! ती कचरापेटीतही जात नाही.

असे खरोखरच घडले आहे. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपल कंपनीच्या ‘आयट्यून्स २’च्या मॅकवरील स्थापना-प्रोग्रॅममध्ये जुनी प्रत पुसणारी एक आज्ञा होती. तिच्यात डिस्कच्या नावाभोवती अवतरणचिन्हे घालायची राहून गेली. डिस्कच्या नावात मोकळी जागा असलेल्या काही लोकांची सारी माहिती पुसली गेली. कंपनीने तो प्रोग्रॅम मागे घेऊन दुरुस्त आवृत्ती दिली.

यावर उपाय तीन. एकेरी अवतरणात (' ') घातलेले सर्व काही शेल जसेच्या तसे घेतो. दुहेरी अवतरणातही (" ") मोकळी जागा सुरक्षित राहते. पण डॉलरसारख्या काही चिन्हांचा विशेष अर्थ कायम राहतो. उलटी तिरपी रेघ (\) फक्त पुढच्या एका चिन्हाला संरक्षण देते:

आरएम पाऊस\ जुना

पण दोन उपाय एकदम करू नका. एकेरी अवतरणातली तिरपी रेघ नावाचाच भाग समजली जाते आणि फाइल सापडत नाही. फाइल समोर दिसत असूनही संगणक ‘नाही’ म्हणत असेल, तर तक्रारीत त्याने कोणते नाव छापले आहे ते नीट वाचा. नाव कोठे तुटले, ते तेथेच कळते. पुसण्यापूर्वी आरएमच्या जागी फाइली दाखवणारी ‘एलएस’ ही आज्ञा देऊन खात्री करून घ्यावी.

आता एक प्रयोग. लिनक्स किंवा मॅक संगणकावर ‘इको’ (ई-सी-एच-ओ) ही आज्ञा लिहून पुढे दोन शब्द लिहा. त्यांच्यामध्ये पाच मोकळ्या जागा सोडा. उत्तरात एकच जागा उरेल. मग ते शब्द अवतरणात घालून पाहा. पाचही जागा परत येतील. असे का होते, ते आता तुम्हीच सांगा.