गव्हावाचून गोडधोड
कोलकात्याच्या गार्डन रीचमध्ये दक्षिण-पूर्व रेल्वेचे मुख्यालय आहे. २००३ पर्यंत नागपूरचा एक रेल्वे विभागही त्याच्याच अखत्यारीत होता. या वाटेने तेथे गेलेल्या मराठी कुटुंबाला पौष संक्रांतीची भापा पुली परकी वाटू नये. तांदळाची उकड, आत खोबरे नि खजुराचा गूळ. उकडीच्या मोदकाची ही सख्खी बहीणच!

सीलिअ‍ॅक विकारात गव्हातील ग्लुटेन लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. ते आयुष्यभर वर्ज्य. अशांना पुली चालते, पाटिसापटा मात्र विचारूनच वाढावा, कारण त्यात बहुधा मैदा वा रवा मिसळतात. घरी निव्वळ तांदूळपिठी दुधात सरसरीत भिजवून, अर्ध्या तासाने घावनासारखी पसरावी. गिरणीत गव्हामागून दळलेली पिठी नको. तांदूळ धुऊन, वाळवून घरीच दळावेत.