शंकरपाळे झाले, तेलाचे काय?

चाकण-भोसरीच्या कारखान्यांतली पाळी सांभाळून दिवाळीत एका संध्याकाळी होणारा पदार्थ म्हणजे शंकरपाळे. आच मध्यम ठेवा. तेल कोमट असले तर शंकरपाळे तेल पितात, धुरावले तर तेलच बिघडते. मला काळजी वाटते ती उरलेल्या तेलाची. ते पुन्हा पुन्हा तापवले की त्यात अपायकारक ‘पोलर’ घटक वाढतात. हे प्रमाण २५ टक्क्यांवर गेलेले तेल वापरण्यास हॉटेलवाल्यांना जुलै २०१८ पासून मनाई आहे. घरच्या कढईवर मात्र निरीक्षक येत नाही! उरलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा. काळपट, चिकट झाले तर टाकाच. महागाचे तेल टाकताना जीव तुटतो, हे मी जाणतो. म्हणून कढई लहान घ्या, तेल बेताचे; दोन घाणे जास्त पडतील, एवढेच.