मुलांनी जागे राहावे म्हणून

मराठी बायबलात 'वल्हांडण' असा एक शब्द आहे. आमच्या हिमायतनगरात, म्हणजे जुन्या वाढोण्यात, तो सहसा कुणाच्या कानावर पडत नाही. वल्हांडणे म्हणजे ओलांडून जाणे. मिसर देशात गुलामीत पडलेल्या इस्राएलांची घरे ओलांडून मृत्यू पुढे गेला आणि त्याच रात्री ते देशाबाहेर पडले, अशी कथा आहे. तिच्या आठवणीचा हा यहुदी सण. हिब्रूत त्याला पेसाह म्हणतात आणि तो बहुधा आपल्या चैत्री पौर्णिमेच्या सुमारास येतो.

या सणाचा मुख्य विधी देवळात होत नाही, घरी जेवणाभोवती होतो. त्याची सगळी मांडणी लहान मुलांना समोर ठेवून केलेली आहे. मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो, म्हणून मला त्याचे कुतूहल वाटले. मराठी वाचकाला तर आणखी एक कारण आहे. ही रात्र मराठीतूनही साजरी झालेली आहे, आणि तीही आपल्याच राज्यात.

कोकणातल्या बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटले आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. त्यांच्यापासून ही जमात वाढली. तेलाचे घाणे चालवणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसे म्हणून गावोगाव त्यांना 'शनिवार तेली' नाव पडले. पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, एक छोटी प्रार्थना तेवढी तोंडी राहिली. सण मात्र राहिले. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या आणि १९३७ मध्ये छापल्या गेलेल्या इतिहासात या सणांची जुनी नावे दिली आहेत. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण, होळीचा सण. नावे वाचली की लक्षात येते, ही नावे पंडितांनी दिलेली नाहीत. स्वयंपाकघराने दिलेली आहेत. योम किप्पूरला दिवसभर दारे लावून घरात बसायचे, म्हणून दारफाळणी. यरुशलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाले त्या शोकाच्या दिवशी वालाचे बिरडे, म्हणून बिरड्याचा सण. पुरीम होळीच्या आसपास येतो, म्हणून तो होळीचाच. पेसाहला जे नाव होते त्याचा अर्थ आंबट कालवणाचे मडके झाकून ठेवण्याचा सण. घरात आंबवलेले काही नको, हा त्या सणाचा मूळ नियम. नियमामागची कथा विसरली गेली तरी मडक्यावरचे झाकण पिढ्यानपिढ्या पडत राहिले.

मला हे विलक्षण वाटते. हनुक्का हा दिव्यांचा सण, ज्यात युरोपातल्या यहुद्यांची मुले चार अक्षरांचा भोवरा फिरवून बदाम-अक्रोड जिंकतात, तो केहिमकरांच्या या जुन्या यादीत नाही. कोकणात तो नंतर बाहेरून आला. भोवरा आणि पणत्या दोन्ही आपल्याकडे मुबलक असताना नेमका तोच सण नसावा, ही गंमतच.

एकोणिसाव्या शतकात पोथी परत आली. कोचीनचे यहुदी शिक्षक कोकणात आले, जॉन विल्सन या मिशनऱ्याने १८३२ मध्ये हिब्रूचे व्याकरण मराठीतून छापले, आणि १८४६ मध्ये मुंबईत हगादा निघाली, हिब्रू मजकूर आणि मराठी भाषांतर, शिळाछापाची. हगादा म्हणजे पेसाहच्या रात्री जेवताना वाचायचे पुस्तक. १८७४ मध्ये पुण्यात दुसरी मराठी हगादा छापली गेली, ती सचित्र. तिच्यात मत्झा, म्हणजे बेखमीर रोटी, तयार करणाऱ्या बायका नऊवारी नेसलेल्या आहेत.

या रोटीचे नियम आमच्या भागातल्या वाचकाने जरूर समजून घ्यावेत. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांच्या आत ती भाजून झाली पाहिजे. त्यापुढे पीठ आंबू लागते असे धरतात. मग आपली ज्वारीची भाकरी चालेल का? नाही. मत्झा पाचच धान्यांची होते, गहू, जव आणि त्यांची भावंडे. ज्याला खमीर चढू शकते त्याचीच बेखमीर रोटी होऊ शकते, असा तर्क. ज्वारी त्यात बसत नाही. गव्हाची पोळी अगदी जवळ येते, पण आपण कणीक मुरायला ठेवतो तिथेच ती बाद होते. बेने इस्राएल घरांत या सणाला भात मात्र चालतो, युरोपातल्या यहुद्यांकडे तो वर्ज्य.

आता मुलांकडे येतो. सण येण्याआधी घराला चुना लागे, तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई होई. आपल्याकडे दिवाळीआधी कल्हईवाल्याचा भाता सुरू व्हायचा, तसेच. घर झाडून झाले की आदल्या रात्रीचा खेळ. पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून घरात लपवायचे. दिवे मालवायचे. मुलांनी मेणबत्ती घेऊन एकेक शोधायचा, पिसाने लाकडी चमच्यात ओढायचा आणि सकाळी सगळे जाळून टाकायचे. यहुदी जगात पुष्कळ ठिकाणी चालत आलेली ही रीत. यातली युक्ती अशी की घराची शेवटची तपासणी मुलांच्या हाताने होते आणि ती त्यांना काम वाटत नाही.

दुसऱ्या रात्री ताटाभोवती सगळे बसतात. ताटात कडू पाला, मिठाचे पाणी, गुलामांनी थापलेल्या मातीची आठवण म्हणून खजुराचे गोड वाटण. तीन मत्झा एका कापडाच्या घड्यांत ठेवतात. ते कापड रंगवणे, त्यावर टाके घालणे हे अनेक घरांत मुलांचे काम. मधली मत्झा मोडून तिचा मोठा तुकडा लपवला जातो. तो शेवटी खाल्ल्याशिवाय जेवण संपत नाही, म्हणून तो ज्या मुलाच्या हाती लागतो ते मूल मोठ्यांशी सौदा करते. मोठी माणसे हरतात, त्यांनी हरायचेच असते.

मग सर्वांत धाकट्याने विचारायचे, की आजची रात्र रोजच्यासारखी का नाही. त्या प्रश्नावर पुढची सगळी रात्र उभी आहे. तालमूद या प्राचीन ग्रंथात यावर बारीक विचार केलेला दिसतो. रब्बी अकिवा सणाच्या आदल्या दिवशी मुलांना भाजलेले धान्य आणि अक्रोड वाटत, का तर त्यांनी झोपू नये आणि विचारावे. मूल नसेल तर बायकोने विचारावे, तीही नसेल तर माणसाने स्वतःला विचारावे. दोन विद्वान एकत्र बसले असतील, त्यांना सगळे पाठ असेल, तरी एकमेकांना विचारलेच पाहिजे.

आपल्या चातुर्मासातल्या कहाण्या आठवा. हातात अक्षता घेऊन ऐकायचे. आटपाट नगरापासून साठा उत्तराच्या कहाणीपर्यंत ऐकणाऱ्याचे काम ऐकणे, आणि मध्ये कुणी 'असे का?' म्हटले तर 'असेच असते' हे उत्तर ठरलेले. मी कहाण्यांचा चाहता आहे, त्यांची लय मला अजून सुटत नाही. पण मुलाचा प्रश्न हा विधीचाच भाग करणे ही गोष्ट आपल्याकडच्या घरगुती सणांत मला सापडली नाही. कोकणातल्या या घरांना दोन्ही गोष्टी ठाऊक होत्या. १८८० च्या सुमारास बेने इस्राएल मंडळींनी आपल्या कीर्तनकारांचे पाहून बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनेही रचली.

जेवणानंतर दार उघडायचे, तेही बहुतेक मुलानेच. संदेष्टा एलिया येईल म्हणून त्याच्यासाठी प्याला भरून ठेवलेला असतो. जगभरात ही वर्षातून एका रात्रीची गोष्ट. कोकणात मात्र एलियाहू हनाबी वर्षभर घरातला; नवस त्याचा, लग्नाआधीचा मलिदा त्याचा, अलिबागजवळ खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. (आमच्याकडे मलिदा म्हणजे दर्ग्यातला, पोळी कुस्करून गुळात कालवलेला. त्यांचा पोह्यांचा, ओले खोबरे आणि फळे घातलेला.) तेव्हा इथले मूल दार उघडायचे ते ओळखीच्या पाहुण्यासाठी.

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. महाराष्ट्रात आता काही हजार माणसे उरली आहेत. २०१६ मध्ये राज्याने यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. तिकडे लोद, दिमोना, अश्दोद अशा गावांत मोठ्या माणसांची मराठी टिकून आहे, 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही तिथे निघाले. पण नातवंडे प्रश्न हिब्रूत विचारतात. ज्या भाषेने पोथी नसताना सण सांभाळला, ती त्या रात्रीच्या मुख्य जागेवरून उठली आहे. याचे मला वाईट वाटते, आणि त्याच वेळी हेही दिसते की मुलाने आपल्या भाषेत विचारावे हाच तर त्या रात्रीचा नियम.

उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतल्या मुलांना मी दहा तुकड्यांचा हा खेळ सांगितला. एका मुलीने लगेच विचारले, 'नऊच सापडले तर?' याची सोय परंपरेने केलेली आहे. शोध संपल्यावर घरच्याने म्हणायचे असते, की माझ्या घरात जे खमीर मला दिसले नाही ते आता माझे नव्हे, ते जमिनीवरच्या धुळीसारखे समजावे. हे वाक्य मूळ अरामी भाषेत आहे. पण धर्मशास्त्र सांगते की ते म्हणणाऱ्याला कळेल अशा भाषेतच म्हणावे, नाहीतर ते लागू होत नाही.