कोऱ्या कराटेगीचा कडकपणा

कराटे किंवा ज्युदोचा नवा पोशाख घडी उलगडली तरी घडीतच राहू पाहतो. बाही कोपराशी वळत नाही, कॉलर मानेला घासते, पायजम्याचे पाय चालताना एकमेकांवर खरखरतात. वास्तविक कापसाचा सुटा तंतू बोटात धरला तर जाणवतही नाही इतका मऊ असतो. त्याच तंतूंचे कापड पुठ्ठ्यासारखे ताठ कसे होते, हे कळले की कोरा पोशाख अंगवळणी कसा पाडायचा आणि पुढे कसा जपायचा, हेही आपोआप उलगडते.

मागावर उभे धागे सतत ताणलेले असतात आणि दर फेऱ्याला घासले जातात. ते तुटू नयेत म्हणून विणण्याआधी त्यांना खळ देतात. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील यंत्रमागवाले या कामाला ‘सायझिंग’ म्हणतात. खळ बहुधा स्टार्चची, म्हणजे घरच्या कांजीच्याच जातीची असते. ती धाग्यातले तंतू एकमेकांना चिकटवते. कापड पांढरेशुभ्र करायचे असेल तर गिरणीतच ही खळ बरीचशी उतरवली जाते. पण पोशाख दुकानात कडक, इस्त्रीदार दिसावा म्हणून अखेरीस पुन्हा थोडी कांजी दिली जाते.

चिकटलेल्या तंतूंचा ताठरपणा किती वाढतो, हे गणिताने सांगता येते. एका धाग्याच्या आडव्या छेदात साधारण शंभर तंतू आहेत असे धरू. ते एकमेकांवरून सरकू शकत असतील, तर धागा वाकवायला शंभर सुटे तंतू वाकवण्याइतकेच बळ लागते. सगळे तंतू एकजीव चिकटले, तर धागा एका जाड काडीसारखा वागतो आणि तेच बळ आणखी जवळपास शंभर पट वाढते. खराट्याच्या काड्या सैल बांधल्या तर जुडी लवते. त्याच काड्या सरसात बुडवून वाळवल्या तर तिचे दांडके होते. प्रत्यक्ष खळीने इतका पक्का जोड कधीच होत नाही, तरी दिशा हीच. इंग्लंडमधील एफ. टी. पीअर्स यांनी 1930 मध्ये कापडाचा ‘हाताला लागणारा स्पर्श’ मोजण्याची रीत मांडली. कापडाची पट्टी टेबलाच्या कडेपलीकडे सरकवत न्यायची आणि ती स्वतःच्या वजनाने ठरावीक कोनापर्यंत झुकेस्तोवर किती लांब जाते ते पाहायचे. वस्त्रोद्योगात ही चाचणी आजही वापरली जाते.

म्हणजे कोरा पोशाख मऊ करणे याचा अर्थ एकच: तंतूंना पुन्हा सरकता येऊ देणे. आणि तेही तंतू न तोडता. पोशाख दगडावर आपटणे, ब्रशने खरवडणे, ब्लीचमध्ये भिजत ठेवणे या उपायांनी कापड मऊ होते खरे, पण आयुष्य गमावून. ते टाळलेलेच बरे.

दोन्ही खेळांचे कापड मात्र सारखे नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही शाळा स्थापन करून ज्युदोची घडी बसवली. या खेळात प्रतिस्पर्ध्याची कॉलर आणि बाही धरूनच फेक मारायची असते, म्हणून जॅकेटचा वरचा भाग तांदळाच्या दाण्यांसारख्या उठावाच्या दुहेरी विणीचा असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठीचे कापड चौरस मीटरला 700 ग्रॅमच्या आसपास भरते. गिचिन फुनाकोशी यांनी 1922 मध्ये ओकिनावाचे कराटे तोक्योत दाखवले आणि पुढे ज्युदोचाच पांढरा पोशाख हलक्या कापडात स्वीकारला. कराटेगी साध्या विणीची असते. ‘औंस’ हा तिच्या छापील पट्टीवरचा आकडा चौरस यार्डाचे वजन सांगतो. 8 औंस म्हणजे चौरस मीटरला सुमारे 270 ग्रॅम, 14 औंस म्हणजे सुमारे 475. काता, म्हणजे हालचालींची ठरावीक मालिका, सादर करणारे खेळाडू मुद्दाम जड कॅनव्हास घेतात, कारण ठोसा थांबताच ताठ बाहीचा फटकन आवाज येतो. त्यांना सगळा कडकपणा घालवायचा नसतो, फक्त सांध्यांशी हवा तेवढा.

पहिली धुलाई वापराआधीच करावी. पोशाख उलटा करून भरपूर साध्या पाण्यात रात्रभर भिजवला की स्टार्च फुगतो आणि सुटू लागतो; पाणी गढूळ, किंचित बुळबुळीत होते. नंतर कोमट पाणी आणि सौम्य डिटर्जंट वापरावे. अनेक डिटर्जंटांत अमायलेज हे विकर असते. लाळेतही तेच असते आणि ते स्टार्चचे लांब रेणू तोडते. एका धुण्यात काम होत नाही. तीनचार धुण्यांनंतर फरक हाताला कळतो. शेवटच्या खळबळण्यात थोडे पांढरे व्हिनेगर घातले तर डिटर्जंटचा उरलेला क्षार निघून जातो. कापड मऊ करणारे सुगंधी द्रावण मात्र घालू नये. ते तंतूंवर तेलकट थर चढवते, त्यामुळे स्पर्श गुळगुळीत होतो, पण घाम शोषण्याची कापडाची ताकद घटते.

पाणी किती गरम हवे, हा प्रश्न आटण्याशी जोडलेला आहे. भिजल्यावर कापसाचा तंतू लांबीत जेमतेम एक टक्का वाढतो. जाडीत मात्र कितीतरी जास्त फुगतो. आडवे धागे जाड झाले की त्यांना वळसा घालणाऱ्या उभ्या धाग्याला लांबचा रस्ता कापावा लागतो. धाग्याची लांबी तेवढीच असल्याने कापड आखडते. त्यात मागावरचा ताणही पाण्यात सुटतो. 60 सेंटिमीटरची बाही पाच टक्के आटली तर 3 सेंटिमीटरने आखूड होते, आणि बाहीची लांबी स्पर्धेच्या नियमांत बसावी लागते. अमेरिकेतील सॅनफर्ड क्लुएट यांनी 1930च्या सुमारास कापड गिरणीतच यंत्राने आखडून घेण्याची पद्धत काढली. ‘सॅनफोराइज्ड’ हा शब्द त्यांच्याच नावावरून आला आणि असे कापड नंतर फारच थोडे आटते. एरवी माप नेमके असेल तर थंड पाणी आणि सावलीतली दोरी. माप सैल असेल तर गरम पाणी, तेही टप्प्याटप्प्याने, प्रत्येक वेळी वाळवून आणि अंगावर घालून पाहत. आटलेले कापड पुन्हा पूर्ण मापाचे होत नाही. शिलाईचा धागा पॉलिएस्टरचा असेल तर तो आटत नाही आणि शिवणीपाशी सुरकुत्या धरतात. तो दोष शिंप्याचा नव्हे.

उरलेले काम अंग करते. कोपर, काख, गुडघा, कंबर इथे कापड हजारो वेळा वाकते, तंतू सरकतात आणि नेमक्या त्याच जागी कापड मऊ पडते. म्हणून जुना पोशाख ज्याचा त्यालाच बरोबर बसतो. ही क्रिया थोडी लवकर व्हावी म्हणून पोशाख अर्धवट ओला असताना हातांनी चोळावा, बाह्या उलटसुलट वळवाव्यात.

तरीही दोरीवर वाळलेला पोशाख दर वेळी थोडा ताठ होतोच, अगदी खळ पूर्ण गेली तरी. जपानमधील काओ कंपनी आणि होक्काइडो विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये याचे कारण दाखवून दिले. वाळलेल्या वाटणाऱ्या कापसाच्या पृष्ठभागावरही पाण्याचा अतिसूक्ष्म थर धरून राहतो आणि तो शेजारच्या तंतूंना गोंदासारखा जोडतो. हे जोड कच्चे असतात. पोशाख वाळल्यावर दोनचार वेळा जोरात झटकला की त्यातले बरेच तुटतात. घराघरांत कपडे झटकून घडी घालण्याची सवय या दृष्टीने अगदी योग्य आहे.

घामाचा प्रश्न अधिक गंभीर. ताज्या घामाला फारसा वास नसतो. जिवाणू त्यातील आणि त्वचेच्या तेलातील घटकांवर वाढतात तेव्हा तो येतो. धुतलेल्या पण सावकाश वाळलेल्या कपड्यांचा कुबट वास मुख्यतः मोराक्सेला ओस्लोएन्सिस या जिवाणूमुळे येतो, हे जपानी संशोधकांनी 2012 मध्ये सिद्ध केले. जाड ज्युदोगी कोकणातल्या पावसाळ्यात दोन दिवस ओली राहते, म्हणजे या जिवाणूला मोकळे रान. सराव संपताच पोशाख पिशवीबाहेर काढणे, चांगला पिळणे आणि पंख्याखाली पसरून वाळवणे, एवढ्याने निम्मे काम होते.

पिवळेपणावर लोक क्लोरिनचे ब्लीच ओततात आणि तिथेच कापड खचते. ते सेल्युलोजच्या साखळ्या तोडते. कापड आधी पांढरे आणि मग विरविरीत होते. ऑक्सिजन सोडणारी सोडियम परकार्बोनेटची पूड कोमट पाण्यात वापरणे कापसाला बरेच सोसवते. नीळ डाग काढत नाही, पिवळ्या छटेला निळी छटा देऊन डोळ्यांना पांढरे भासवते. त्यात गैर काही नाही. क्लोरिनचे ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र करू नये, विषारी क्लोरिन वायू सुटतो. रक्ताचा डाग थंड पाण्यानेच काढावा, कारण गरम पाण्याने प्रथिन गोठून धाग्यात पक्के बसते.

अंगाला अंग लागणाऱ्या खेळांत गजकर्णाची बुरशी सहज पसरते. ट्रायकोफायटॉन टॉन्सुरन्स ही तिची जात जपानच्या ज्युदो खेळाडूंमध्ये मोठ्या प्रमाणावर आढळली आहे. तेव्हा पोशाख प्रत्येक सरावानंतर धुवावा, दर दोन दिवसांनी नव्हे. संसर्ग झाला असेल तर आटण्याची चिंता सोडून 60 अंश सेल्सिअसच्या पाण्यात. पट्टा धुतला तर कमावलेले तेज जाते, अशी समजूत अनेक वर्गांत आहे. पण पट्टाही तोच घाम पितो. रंग उतरण्याची भीती असल्यास तो थंड पाण्यात वेगळा धुवावा, सपाट पसरून वाळवावा.

कापड विरते ते आधी कॉलरच्या घडीवर, काखेत आणि गुडघ्यांवर. तिथली शिवण उसवताच टाके घातले आणि आतून त्याच वजनाच्या, आधी धुऊन आटवलेल्या सुती कापडाचे ठिगळ लावले तर चीर पुढे जात नाही. ठिगळ कोरे लावले तर ते पहिल्या धुण्यात आटते आणि सभोवतालचे जुने कापड ओढून फाडते.